वत्सगुल्माची कपाटे

वाशीमला जाणारा माणूस बहुधा बालाजीच्या दर्शनाला जातो, नाहीतर कोर्टकचेरीच्या कामाला. सोयाबीनच्या दिवसांत बाजार समितीकडे जाणारेही पुष्कळ. पण नुसती वाचनालये पाहण्यासाठी कुणी या जिल्ह्यात हिंडते आहे असे सांगितले, की समोरचा माणूस क्षणभर आपल्याकडे पाहतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "म्हणजे इन्स्पेक्शन का?" मला हा प्रश्न चार गावांत विचारला गेला. मी मराठी शिकवते, तपासणी करत नाही, असे सांगितल्यावर चहा आला. तपासणी असती तर बहुधा चहाबरोबर चिवडाही आला असता.

वास्तविक ग्रंथांच्या शोधात वाशीमला जाण्यात नवल वाटण्याचे कारण नाही. वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात ज्याच्या मंत्र्याचा लेख आहे, तो हरिषेण याच शाखेचा. हजार-अकराशे वर्षांपूर्वी राजशेखराने 'काव्यमीमांसा' लिहिली, तीत एक मोठी गोड कथा आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून घरातून निघाला. त्याला बांधून ठेवायला गौरीने साहित्यविद्यावधू निर्माण केली आणि ती त्याच्या मागोमाग देशोदेशी फिरली. पूर्वेला गेली, पांचालात गेली, अवंतीत गेली; प्रत्येक देशात तिचा वेष निराळा आणि बोलण्याची रीतही निराळी. अखेर हा हट्टी मुलगा वश झाला तो विदर्भात, आणि दोघांचा विवाह लागला तो वत्सगुल्म नगरात. साहित्याचे लग्न ज्या गावी लागले, त्या गावी निदान एखादे कपाट पुस्तकांनी भरलेले असावे, अशी अपेक्षा धरली तर ती फार नव्हे.

पण या गावाचा पहिला मोठा ग्रंथच हरवलेला आहे. वत्सगुल्म शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन हा राजा कवी होता. त्याने प्राकृतात 'हरिविजय' नावाचे काव्य लिहिले. सत्यभामेसाठी कृष्णाने स्वर्गातून पारिजात आणला, हा त्याचा विषय. आनंदवर्धनाने त्याचा गौरवाने उल्लेख केला, कुंतकाने केला, हेमचंद्राने केला. म्हणजे शतकानुशतके काश्मीरपासून गुजरातपर्यंत कुठे ना कुठे हे काव्य कुणाच्या तरी हाताशी होते. आज ते नाही. इतरांनी उदाहरणादाखल घेतलेले तुकडे तेवढे उरले आहेत. सर्वसेनाच्या मुलाचा, विंध्यशक्तीचा, ताम्रपट मात्र १९३९ साली वाशीमलाच सापडला. सदतिसाव्या राज्यवर्षातले जमिनीचे दानपत्र ते. जमिनीचा कागद तांब्यावर कोरला म्हणून राहिला आणि काव्य पानांवर लिहिले म्हणून गेले, असे म्हणून मोकळे होता येईल. पण ते पुरते खरे नाही. पानांवर लिहिलेले पुष्कळ काही उरले आहे, आणि तेही याच जिल्ह्यात.

त्यासाठी वाशीमहून मंगरूळपीर ओलांडून कारंज्याला यावे लागते. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी 'शकुंतला' एकेकाळी कारंज्याला थांबत असे. ती चिमुकली गाडी आता धावत नाही, तेव्हा एस. टी. हेच वाहन. लाडाचे कारंजे म्हणून हे गाव ओळखले जाते. नृसिंहसरस्वतींचे हे जन्मगाव. 'गुरुचरित्रा'च्या पारायणाने ज्या घरांत वर्षाचा एक सप्ताह बांधलेला असतो, त्या घरांना कारंजा निराळे सांगावे लागत नाही. पण कारंज्याला दिगंबर जैनांच्या भट्टारकांची पीठेही होती. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशी तीन मंदिरे आणि त्यांचे पोथ्यांचे भांडार. दर ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, म्हणजे श्रुतपंचमीला, पोथ्या बाहेर काढायच्या, ऊन दाखवायचे, नवी वेष्टने घालायची आणि पूजा करून पुन्हा ठेवायच्या, अशी दिगंबरांची परंपरा. वाळवी, दमट पावसाळा आणि उंदीर यांच्या राज्यात पोथ्या शेकडो वर्षे टिकल्या त्या या सणामुळे. ग्रंथालयशास्त्राच्या पदव्या निघण्यापूर्वी आपल्याकडे संरक्षणाचा विभाग पंचांगातच होता.

१९२६ साली नागपूरहून रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली, तेव्हा कारंज्याच्या भांडारात काय आहे ते जगाला कळले. या कामात आणि पुढच्या संपादनात अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन यांचा मोठा वाटा. दोघेही हिरालाल असल्यामुळे परीक्षेच्या पेपरात विद्यार्थी त्यांचा एकच माणूस करून टाकतात. कारंज्यात अपभ्रंश भाषेतले ग्रंथ निघाले. मराठीची आजी कशी बोलत असेल ते आपण ज्या भाषेवरून ताडतो, ती ही भाषा. पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' पां. ल. वैद्यांनी संपादून १९३१ साली कारंजा जैन ग्रंथमालेत काढले. कनकामराचे 'करकंडचरिउ' हिरालाल जैनांनी १९३४ मध्ये. युरोपातल्या विद्यापीठांत जी पुस्तके मागवली जाऊ लागली, त्यांच्या मुखपृष्ठावर कारंज्याचे नाव होते.

याहून विलक्षण कथा 'धवले'ची आहे. षट्खंडागम हे दिगंबरांचे अत्यंत प्राचीन शास्त्र, आणि 'धवला' ही त्यावरची वीरसेनाची प्रचंड टीका. तिची ताडपत्रे जगात एकाच ठिकाणी होती, कर्नाटकातल्या मूडबिद्रीला. यात्रेकरू जात, ताडपत्रांचे दर्शन घेत आणि परत येत. वाचणे कुणाला माहीत नव्हते. १८९६ च्या सुमारास नागरी लिपीत नक्कल करायला सुरुवात झाली. पण नक्कल देवळाबाहेर जायची नाही, अशी अट. नक्कल करणाऱ्यांपैकी गजपती उपाध्याय यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या मदतीने गुपचूप घरी कन्नड लिपीत आणखी एक प्रत तयार केली आणि ती उत्तरेत सहारनपूरला पोचवली. तिथेही प्रत बंद ठेवायची होती. पण तिची नागरी नक्कल करणाऱ्या शास्त्रीबोवांनी आपल्यापुरती एक प्रत राखली, आणि त्या प्रतीवरून पुढच्या प्रती निघाल्या. आराला एक गेली, अमरावतीला एक आली, कारंज्याच्या आश्रमात एक आली. या तीन प्रती ताडून हिरालाल जैनांनी १९३९ साली अमरावतीहून 'धवले'चा पहिला भाग छापला. पुढे सोळा भाग झाले. छापील पुस्तक डोळ्यांनी पाहिल्यावर मूडबिद्रीच्या विश्वस्तांचाही विरोध मावळला आणि त्यांनी मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून देण्यास मदत केली.

या कथेत चोर कोण, असा प्रश्न मी वर्गात विचारते. मुले गजपतींचे नाव घ्यायला कचरतात. आणि लक्ष्मीबाईंचे नाव दोन वेळा सांगितल्याशिवाय कुणाच्या वहीत येत नाही.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखकू मोठी हृदयद्रावक विनंती करून ठेवत असत. पाठ मोडली, मान वाकली, तेव्हा हे लिहून झाले. आता याला तेलापासून जप, पाण्यापासून जप, सैल बांधणीपासून जप. इथवर सारे ठीक. पण त्यानंतर हमखास येई ते म्हणजे, मूर्खाच्या हाती देऊ नकोस. मला वाटते, पोथ्यांचे भांडार आणि सार्वजनिक वाचनालय यांतला सारा फरक या एका अटीत आहे. मूर्ख कोण, हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे किल्ली त्याच्याकडे. बायका आणि खालच्या मानलेल्या जाती तर निवाडा होण्यापूर्वीच बाद. सार्वजनिक वाचनालयाने ही अट पुसून टाकली. वर्गणी भर, नाव लिही, पुस्तक ने. पुस्तक नेणारा शहाणा आहे की मूर्ख, ते पुस्तकाने पाहावे.

अर्थात हे एका दिवसात झाले नाही. महाराष्ट्रातले पहिले वाचनालय रत्नागिरीला १८२८ साली निघाले, नाशिकचे १८४० साली, पुण्याचे १८४८ साली. नाव 'नेटिव्ह जनरल लायब्ररी', पण जनरल म्हणजे साहेब, सरदार, वकील आणि मामलेदार. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात आले आणि अकोला, अमरावतीसारख्या कचेरीच्या गावी एकोणिसाव्या शतकातच वाचनालये झाली. वाशीमही त्या काळी स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे होते. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडून अकोल्यात घातला गेला आणि वाशीमकरांना पुन्हा जिल्हा मिळायला १९९८ चा जुलै उजाडावा लागला. वाचनालयाला कचेरीची सावली लागते. ती त्र्याण्णव वर्षे अकोल्याकडे राहिली.

खेड्यातल्या माणसाला पुस्तक मिळावे, असा पहिला पद्धतशीर विचार एका मराठी राजाने केला, पण महाराष्ट्राबाहेर. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणले. गावाने तिसरा हिस्सा उभा करावा, प्रांत पंचायतीने तिसरा द्यावा आणि तिसरा सरकारने, अशी त्यांची रीत. जिथे एवढेही जमत नाही तिथे पुस्तकांची पेटी फिरायची. मुंबई इलाख्यात १९३९ साली असफ फैजी या कायदेपंडितांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंत पायऱ्या आखून दिल्या. मौज पाहा, वाशीमचा ताम्रपट, 'धवले'चा पहिला भाग आणि फैजी समिती, तिन्ही एकाच वर्षातली. युद्ध सुरू झाले नसते तर समितीच्या आराखड्याला स्वराज्याची वाट पाहावी लागली नसती.

पण फैजींची पायरी वऱ्हाडात येत नव्हती, कारण वऱ्हाड मुंबईत नव्हते. वाशीमच्या दक्षिणेला पैनगंगा वाहते. १९५६ पर्यंत नदीच्या अलीकडे मध्य प्रदेश आणि पलीकडे हिंगोलीच्या बाजूला निजामाचे जुने हैदराबाद राज्य. त्या राज्याने १९५५ साली ग्रंथालयांचा कायदा केला. म्हणजे धोतर गुडघ्यापर्यंत वर घेऊन नदी ओलांडली की माणूस ग्रंथालय कायद्याच्या प्रदेशात शिरायचा आणि परत आला की कायदा पैलतीरी राहायचा. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर मुंबईची एक रीत, मराठवाड्याची दुसरी आणि विदर्भाची तिसरी, या तिन्हींचा मेळ घालणे भाग होते. तो १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाने घातला. १ मे १९६८ पासून तो अमलात आला. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, वाशीमला लागूनच असलेल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे.

या कायद्यात एक गोष्ट नाही आणि एक आहे. नाही तो उपकर. मद्रासने १९४८ साली स्वतंत्र भारतातला पहिला ग्रंथालय कायदा केला तेव्हा घरपट्टीवर ग्रंथालयाचा कर बसवला. कर्नाटकानेही १९६५ मध्ये तोच मार्ग धरला. डॉ. रंगनाथन यांचाही आग्रह उपकराचाच होता. महाराष्ट्राने कर टाळला आणि सरकारने दरवर्षी ग्रंथालय निधीत निदान पंचवीस लाख रुपये घालावेत, असे लिहून ठेवले. आणि आहे ते म्हणजे लोकांच्या संस्थांवरचा विश्वास. आपल्याकडे वाचनालये गावकऱ्यांनी, वकिलांनी, मास्तरांनी आधीच काढलेली होती. ती सरकारने ताब्यात घेतली नाहीत. संस्था तुमची, कार्यकारी मंडळ तुमचे, इमारत तुमची. आम्ही मान्यता देऊ, वर्ग ठरवू, अनुदान देऊ आणि हिशेब तपासू. वर राज्य ग्रंथालय परिषद, तिचे अध्यक्ष मंत्री, मुंबईला संचालनालय, जिल्ह्यात ग्रंथालय अधिकारी आणि जिल्हा समिती. पुस्तके किती, वर्तमानपत्रे किती, वर्गणीदार किती, किती तास उघडे, यांवरून अ, ब, क, ड असे वर्ग.

यामुळे दोन्ही गोष्टी घडल्या. सरकारी ग्रंथालय गावात कधी आलेच नसते, अशा ठिकाणी वाचनालये निघाली. राज्यातली त्यांची संख्या दहा हजारांवर गेली. आणि कर नसल्याने कुणावर हक्काने ओरडता येत नाही. घरपट्टीच्या पावतीवर ग्रंथालयाची ओळ असती, तर कुलूप पाहून एखादा तरी घरमालक भांडायला गेला असता. आता भांडायचे कुणी? वर्गणीदाराने? तो तर वर्षाला मूठभर रुपये भरून पेपर वाचतो. काही ठिकाणी वाचनालय एका फळीपुरते, एका पुढाऱ्याच्या नावापुरते राहिले. २०१२ साली महसूल खात्याकडून राज्यभर पडताळणी झाली, कित्येक नावे गळाली आणि नव्या वाचनालयांना मान्यता देणे थांबले. ज्या गावाने त्या आधी वाचनालय काढले नाही, त्या गावच्या मुलांनी ते का भोगावे, हे मला कुणी समजावून सांगितलेले नाही.

मालेगाव तालुक्यातले असे एक 'ड' वर्गाचे वाचनालय मी निवांत पाहिले. गावाचे नाव लिहीत नाही. तिथल्या ग्रंथपाल बाई संकोची आहेत. मारुतीच्या देवळाशेजारी एक खोली, तीन लोखंडी कपाटे, लांब बाक, भिंतीवर आंबेडकरांची आणि गाडगेबाबांची तसबीर. दारात चपलांचा ढीग. पंख्याखाली म्हातारे वर्तमानपत्राची पाने वाटून घेऊन बसलेले. एकाने अग्रलेख संपवल्याशिवाय दुसऱ्याला बाजारभाव मिळत नाही. कोपऱ्यात पोलीस भरतीची आणि तलाठ्याच्या परीक्षेची पुस्तके घेऊन चार मुली. घरी अभ्यासाला जागा नाही आणि तालुक्याच्या अभ्यासिकेला पैसे पडतात.

"पेपर वाचाले मानसं येतेत, पुस्तक नेयाले बाया," बाई म्हणाल्या. "पन बाया सोता येत नाहीत. लेकराइले धाडतेत."

मी देवघेवीची वही उघडली. खरेच, सही पोराची आणि खात्यावर नाव आईचे. एका बाईने पावसाळ्याच्या दोन महिन्यांत अकरा कादंबऱ्या नेलेल्या होत्या. पेरणी, निंदण आणि अकरा कादंबऱ्या! आमच्या कॉलेजात असा वाचक मला दाखवा.

मग पैशाचे बोलणे निघाले. २०१२ पासून 'ड' वर्गाला वर्षाला तीस हजार रुपये अनुदान होते. त्यातले निम्मे वेतनासाठी. म्हणजे ग्रंथपालाला महिन्याला साडेबाराशे. उरलेल्या निम्म्यात पुस्तके, वर्तमानपत्रे, वीज, भाडे आणि झाडू. २०२२ मध्ये साठ टक्के वाढ झाली, तरी वेतनाचा आकडा महिना दोन हजारांच्या आसपासच गेला. पैसे येतात दोन हप्त्यांत, आणि हप्ता कधी येईल ते पावसासारखे. बाईंनी ग्रंथालयाचा प्रमाणपत्र परीक्षेचा अभ्यास केलेला आहे. सकाळी सोयाबीनच्या निंदणाला जाऊन त्या दुपारी वाचनालय उघडतात. त्यांना सरकारी नोकर म्हणता येत नाही, कारण नोकरी संस्थेची. आणि संस्थेकडे अनुदानाखेरीज आहे काय? राज्यभरच्या अशा कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी असावी, हे समित्यांनी सांगून झाले, मोर्चे निघून झाले. १९६७ चा कायदा करणाऱ्यांनी लोकांच्या उत्साहावर विश्वास टाकला, तो योग्यच होता. पण अध्यक्ष, सचिव यांचा उत्साह मानद असतो आणि रोज दुपारी कुलूप काढणारा माणूस मानद असू शकत नाही, एवढा भेद कायद्याला अजून करता आलेला नाही.

मार्चच्या खरेदीची यादी बाईंनी माझ्यापुढे ठेवली. पुस्तकविक्रेत्याने सवलतीसह पाठवलेली. तीत पाककृती, यशाची गुरुकिल्ली, पुन्हा यशाची गुरुकिल्ली, थोरांची आठ-आठ पानी चरित्रे. कुणीच न मागितलेली पुस्तके वर्षअखेरीस कपाटात जातात ती अशी. मी म्हटले, मुलींना काय हवे ते विचारा आणि त्या अकरा कादंबऱ्यांच्या बाईंनाही विचारा. मुलींपैकी एक लगेच म्हणाली, आमच्या जिल्ह्याच्या इतिहासावर प्रश्न येतात, त्याचे पुस्तक पाहिजे. कपाटात शोधले. पानिपत होते, नेपोलियन होता, वत्सगुल्म नव्हते. मी त्यांना काव्यपुरुषाच्या लग्नाची गोष्ट सांगितली. त्यांचे पेन थांबले. "म्हणजे आपल्या वाशीमले?" त्यातली सर्वांत धाकटी म्हणाली आणि हसू लागली.

वा. वि. मिराशींचा 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काल' हा मराठी ग्रंथ १९५७ सालचा. त्यात सर्वसेनही आहे आणि वाशीमचा ताम्रपटही. माझ्याकडे त्याची एक जुनी, पाठ सुटलेली प्रत होती. पुढच्या खेपेला ती बांधून नेऊन दिली. बाईंनी दाखल नोंदवही काढली, ओळी आखल्या, 'भेट' असे लिहिले. ग्रंथकर्त्याचे नाव पूर्ण लिहायचे म्हणून वासुदेव विष्णु हे मला दोनदा विचारून घेतले. मग किमतीच्या रकान्यापाशी पेन थांबले.

"पुस्तकावर तं काई दिसत नाही," त्या म्हणाल्या. "रकाना खाली ठेवला तर तपासनीवाले विचारतेत. किती लिवू, मॅडम?"